वारा जास्त, धग कमी : ब्रेक ड्रमच्या भट्टीचे एक प्रकरण

भट्टीत धरलेली १२ मिलिमीटरची सळई टोकाला फुलबाजीसारखी जळत होती. टोकापासून दोन बोटे मागे मात्र ती जेमतेम काळपट लाल. नऊ मिनिटे वारा घालूनही ठोकण्याजोगा भाग तापत नव्हता, आणि तापलाच तर ऐरणीवर घेईपर्यंत त्यावर जाड खपली धरलेली असायची. भट्टी बनवणाऱ्याने निदान केले की ब्लोअर लहान पडतोय. तो मोठा ब्लोअर विकत घ्यायला निघाला होता. घेतला असता तर आणखी दोन-तीन महिने वाया गेले असते, कारण वारा गरजेच्या कितीतरी पट जास्त होता.

नवशिक्याने स्वतःच अवजारे बनवून लोहारकाम शिकायचे ठरवले की ही अडचण हमखास येते. काम बिघडले तर दोष हाताचा की अवजाराचा, तेच कळत नाही. उस्तादाच्या भट्टीवर शिकणाऱ्याला निदान भट्टीवर तरी शंका घ्यावी लागत नाही. इथे भट्टी, ऐरण, सांडशी आणि हात, सगळेच नवे आणि सगळेच संशयित.

शिकणारा पंचविशीतला, पश्चिम महाराष्ट्रातल्या एका गावचा, शिक्षणाने वाणिज्य शाखेचा, घरी शेती. उद्दिष्ट छोटे होते : स्वतःच्या सांडशा, एक छिन्नी, आणि ते जमले तर घरापुरती खुरपी. अँगल ग्राइंडर आणि ड्रिल घरात होते. एक किलोचा हातोडा आणि हलका ब्लोअर विकत आणला. बाकी सगळे भंगारातून.

पहिली मांडणी

भट्टीसाठी टेम्पोचा ब्रेक ड्रम घेतला. बीडाचा, १६ किलोचा, आतला व्यास सुमारे ३०० मिलिमीटर, खोली ११०. मधल्या मोठ्या भोकावर १० मिलिमीटर जाडीची प्लेट बसवली आणि तिला १२ मिलिमीटरची २५ भोके पाडली. हीच भट्टीची जाळी. प्लेटखाली दोन इंची पाइपचा ‘टी’ : आडव्या तोंडाला ब्लोअर, खालच्या तोंडाला राख पाडायची झडप. ब्लोअर म्हणजे संगणकातली धूळ उडवायला वापरतात तो ६०० वॅटचा, खोक्यावर मिनिटाला अडीच घनमीटर हवा लिहिलेला. कोळसा लोणारी, बाभळीचा, पोत्यातून जसा निघाला तसा. तीन पायांचा अँगलचा स्टँड, ड्रमची कड कमरेच्या उंचीला, आणि सगळे मांडले अंगणात, उन्हात.

कल्पनेत काही चूक नाही. ब्रेक ड्रमची भट्टी ही जुनी, चालणारी युक्ती आहे. तपशिलात मात्र पाच-सहा गोष्टी बिघडल्या होत्या आणि त्यातली एक जिवावर बेतणारी होती, म्हणून ती आधी.

पाइप ‘जीआय’चा होता, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला. नळाच्या दुकानात तोच समोर असतो. जस्त ४२० अंश सेल्सिअसला वितळते आणि ९०७ अंशांना उकळते. भट्टीच्या तळाशी चिकटलेला पाइप एवढा तापायला वेळ लागत नाही. जोडाजवळ पांढरा, लोकरीसारखा धूर दिसला आणि पाइपवर पिवळट-पांढरी पूड बसली, तर ते जस्ताचे भस्म. शिकणाऱ्याला त्या दिवशी संध्याकाळी हुडहुडी भरली, अंग मोडून आले, तोंडाला धातूची चव आली. वेल्डर लोकांना हा ताप ओळखीचा असतो. धूर छातीत गेल्यावर काही तासांनी चढतो आणि बहुधा एक-दोन दिवसांत उतरतो. दूध प्यायले की काही होत नाही, ही वेल्डिंगच्या दुकानातली समजूत आहे; दूध फुप्फुसात जात नाही. छातीत दडपण आले किंवा श्वास लागला तर सरळ दवाखाना गाठावा. उपाय एकच : साधा काळा एमएस, म्हणजे मऊ पोलादाचा, बिनमुलाम्याचा पाइप. मुलामा ग्राइंडरने घासून काढतो म्हणणाऱ्याने आतली बाजू कशी घासणार, तेही सांगावे.

दुसरी चूक मातीची. ड्रमच्या आत लिंपण्यासाठी त्याने शेतातली काळी माती वापरली, कारण ती चिकट असते आणि छान बसते. बसतेच. सुकली की उन्हाळ्यातल्या रानासारख्या भेगा पडतात. काळ्या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना आकसते. ज्या गुणामुळे ती कापसाला चांगली, त्याच गुणामुळे भट्टीला वाईट. दुसऱ्या दिवशी अस्तराचे तळहाताएवढे पापुद्रे निघून जाळीवर पडले आणि तिच्यातली भोके बुजली.

निदान

मूळ दुखणे धगीचे. इथे शिकणाऱ्याने एक गोष्ट मात्र शहाणपणाने केली : सगळे एकदम बदलले नाही. कसोटी ठरवून घेतली. १२ मिलिमीटरची साधी गोल सळई, ४०० मिलिमीटर लांब, टोकाची ६० मिलिमीटर निखाऱ्यात, आणि नारिंगी-पिवळा रंग यायला किती मिनिटे लागतात ते घड्याळ लावून पाहायचे. प्रत्येक वेळी एकच बदल.

आधी वाऱ्याचा हिशोब मांडू. एक किलो शुद्ध कार्बन पूर्ण जळायला सुमारे साडेअकरा किलो हवा लागते, म्हणजे साधारण साडेनऊ घनमीटर. लोणारी कोळशात कार्बन ऐंशी टक्क्यांच्या आसपास धरला आणि तासाला दोन किलो कोळसा जाळायचा म्हटला, तर तासाला पंधरा घनमीटर हवा पुरते. मिनिटाला पाव घनमीटर. ब्लोअर खोक्यावर सांगत होता अडीच. कोळशाच्या थरातून जाताना प्रत्यक्षात त्यापेक्षा कमी वारा येतो हे मान्य केले, तरी तो गरजेच्या पाच-सहा पटींच्या खाली आला नसावा.

जास्तीच्या वाऱ्याने भट्टी जास्त तापेल असे वाटणे स्वाभाविक आहे. उथळ थरात उलटे होते. वारा आत शिरतो तिथे प्राणवायू भरपूर असतो. निखाऱ्यांतून वर जाताना तो हळूहळू संपतो आणि त्याच्या वरच्या पट्ट्यात कार्बन मोनॉक्साइड उरतो. लोखंड तापवायचे ते या वरच्या पट्ट्यात. इथे धग पुरेशी असते आणि लोखंड खाणारा प्राणवायू जवळपास नसतो. वारा बेसुमार असेल तर प्राणवायू थर पार करून वरपर्यंत येतो, हलके निखारे ठिणग्या होऊन उडतात, मधोमध खड्डा पडतो, आणि लागणाऱ्यापेक्षा जास्त आलेली थंड हवा धग घेऊन निघून जाते.

शिकणाऱ्याच्या भट्टीत कोळशाचा थर जेमतेम ६० मिलिमीटरचा होता. ड्रमची कड त्याहून उंच, त्यामुळे सळई तिरपी खाली झुकवावी लागे आणि तिचे टोक थेट जाळीवर, प्राणवायूच्या झोतात जाऊन बसे. म्हणून टोक जळत होते आणि मागचा भाग, जो निखाऱ्यांच्या वर हवेत होता, तो तापत नव्हता. जळालेले टोक ग्राइंडरने कापले तेव्हा आत मधाच्या पोळ्यासारखी छिद्रे होती. अशा लोखंडाला कोणताही उपाय नाही, तेवढे कापून टाकायचे.

कोळशाचे तुकडेही मोठे होते, काही तर मुठीएवढे. मोठ्या तुकड्यांमध्ये पोकळी मोठी, तिच्यातून वारा न जळता निसटतो. कोळसा फोडून सुपारीपासून लिंबापर्यंतच्या आकाराचा करावा आणि चाळून भुकटी बाजूला काढावी. भुकटी जाळीत बसते, नाहीतर ठिणग्या बनून गंजीकडे उडते. (आजूबाजूला कडबा असेल तर ही भट्टी तिथे मांडूच नये.)

रस्त्याच्या कडेला पाल टाकून बसणाऱ्या घिसाडी कुटुंबाची भट्टी ज्याने पाहिली असेल, त्याला हे सगळे लगेच पटेल. जमिनीत ओंजळभर रुंदीचा खड्डा, एका बाजूने वाऱ्याचे तोंड, हाताने फिरवायचा लहानसा भाता, आणि त्यावर कोळशाचा ढीग. रुंदी कमी, खोली जास्त, वारा बेताचा. तीनशे मिलिमीटर रुंदीचा ड्रम दिसायला दमदार असतो, पण त्यातली निम्मी आग नुसती आभाळ तापवते.

बदल, एकेक करून

पहिला बदल वाऱ्याचा. ब्लोअरचे तोंड अर्धे बुजवण्याचा मोह होतो, तो टाळावा. अशा हलक्या ब्लोअरची मोटर बऱ्याचदा त्याच वाहत्या हवेने थंड राहते, कोंडली की तापून वास मारू लागते. म्हणून वाट अडवायची नाही, फोडायची. ब्लोअर आणि भट्टी यांच्यामध्ये आणखी एक ‘टी’ टाकला, त्याच्या मोकळ्या तोंडावर एका खिळ्याभोवती फिरणारी पत्र्याची चकती. चकती उघडली की वारा बाहेर जातो, मिटली की भट्टीत. एवढ्याने कसोटीची वेळ नऊवरून सात मिनिटांवर आली आणि ठिणग्या जवळजवळ थांबल्या. रंग मात्र अजून नारिंगीच्या पुढे जाईना.

दुसरा बदल कोळसा फोडून चाळण्याचा : साडेपाच मिनिटे.

तिसऱ्या बदलाने खरा फरक पडला. जाळीवरची २५ भोके बंद करून मध्यभागी १० मिलिमीटरची फक्त पाच ठेवली आणि ड्रमच्या आत मातीची वाटी घडवली. तोंडाशी १६० मिलिमीटर व्यास, तळाशी ८०, खोली ड्रमएवढीच ११०. माती या वेळी कुंभारवाड्यातून आणली. दोन भाग माती, एक भाग चाळलेली नदीची वाळू, आणि मूठ-दोन मुठी बारीक भुसा. भुसा जळून गेला की बारीक छिद्रे राहतात आणि वाफेला वाट मिळते. पाणी अगदी बेताचे : गोळा मुठीत दाबला तर बोटांचे ठसे उठावेत, पण हाताला चिकटू नये. ओल जास्त तेवढी भेग जास्त. सावलीत पाच दिवस सुकवून मग लाकडाच्या ढलप्यांची मंद आच दोन तास दिली. ही आच न देता पहिल्याच दिवशी ब्लोअर लावला तर आतल्या ओलीची वाफ होऊन मातीचे टवके उडतात, तेही तोंडाच्या दिशेने.

आता कोळसा कडेच्या वर चार बोटे ढीग करून भरला. सळई कडेवर आडवी टेकली की आपोआप जाळीपासून ११० मिलिमीटर वर राहते आणि तिच्यावर पुन्हा ५०-६० मिलिमीटर निखारे येतात. वेळ : पावणेतीन मिनिटे, रंग पिवळा, टोकही शाबूत. कोळसा आधी तासाला साडेतीन किलो जात होता, तो दीड किलोवर आला. ब्लोअरचा तीन चतुर्थांश वारा आता चकतीतून अंगणात जातो.

एक सवय याच वेळी लावून घ्यावी. ब्लोअर बंद केला की खालची राखेची झडप उघडायची. बंद वाऱ्यात जळाऊ वायू पाइपमध्ये उतरून ब्लोअरपर्यंत येतो आणि पुन्हा बटण दाबताच भपका होतो. दगडी कोळशावर हा धोका जास्त, पण लोणारी कोळशावरही नसतो असे नाही. बंद खोलीत भट्टी पेटवू नये, हे कार्बन मोनॉक्साइडमुळे वेगळे सांगायला नकोच.

आणि ऊन. लोखंडाचा रंग हाच लोहाराचा तापमापक. डाळिंबी लाल साडेसातशे अंशांच्या आसपास, नारिंगी साधारण साडेनऊशे, पिवळा अकराशेच्या घरात. भर उन्हात नारिंगी तुकडा लाल दिसतो आणि माणूस त्याला आणखी तापवतो. भट्टी गोठ्याच्या पडवीत, तिन्ही बाजू मोकळ्या पण डोक्यावर छप्पर अशा जागी हलवली. पुढे छिन्नीला पाणी देताना, म्हणजे लाल करून विझवून कडक करताना, या बदलाची खरी किंमत कळली.

ऐरण

ऐरणीसाठी सगळ्यांना आधी रुळाचा तुकडा सुचतो. भंगारवाल्यानेही तोच काढून दाखवला. मीटरला ५२ किलो भरणाऱ्या रुळाचा फूटभर तुकडा सोळा किलोच्या आसपास भरतो आणि पोलाद उत्तम असते. पण तो घेऊ नये. रेल्वे मालमत्ता (बेकायदा कब्जा) अधिनियम, १९६६ खाली चोरीची असल्याचा वाजवी संशय येईल अशी रेल्वेची वस्तू ताब्यात सापडली, तर ती रीतसर मिळवली हे ताब्यात असणाऱ्याने दाखवायचे असते, आणि पहिल्याच गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. रेल्वेच्या लिलावापासूनची कागदपत्रे दाखवता येत नसतील, तर भंगारवाल्याच्या तोंडी खात्रीवर एवढी जोखीम घेण्यात अर्थ नाही.

त्याऐवजी शाफ्टचा तुकडा मिळाला : ईएन-८ (मध्यम कार्बनचे पोलाद), व्यास १०० मिलिमीटर, लांबी ३००, वजन साडेअठरा किलो. लेथवाल्याकडून दोन्ही तोंडे सपाट करून घेतली. तो आडवा ठेवायचा नाही, उभा रोवायचा. घाव बसतो तिथे खाली सरळ तीनशे मिलिमीटर लोखंड असते, म्हणून वीस किलोचाही तुकडा मोठ्या ऐरणीसारखे काम देतो. आडवा ठेवलेला गोल तुकडा लोळतो आणि अर्धा घाव खातो. एक किलोच्या हातोड्याला अठरा किलोची ऐरण पुरते.

ओंडका बाभळीचा, ३५० मिलिमीटर व्यासाचा. मध्ये १०० मिलिमीटर खोल भोक, शाफ्ट हाताने जाऊ नये, लाकडी ठोकणीने ठोकून बसावा इतके घट्ट. उंची अशी की सरळ उभे राहून हात सोडला तर मुठीची बोटे ऐरणीच्या माथ्याला टेकतील. पहिल्या ओंडक्याला आठवडाभरात चीर गेली. मग बैलगाडीच्या चाकाला धाव चढवतात तशी ४० बाय ५ ची पट्टी गोल वळवून, वेल्ड करून, तापवून चढवली. हिशोब असा : ३५० मिलिमीटर व्यासाचे कडे सहाशे अंशांनी तापवले तर व्यास अडीच मिलिमीटरने, म्हणजे घेर जवळपास आठ मिलिमीटरने वाढतो. कड्याचा आतला घेर ओंडक्याच्या घेरापेक्षा पाच-सहा मिलिमीटर कमी ठेवला की गरम असताना ते जेमतेम उतरते आणि पाणी ओतताच लाकूड करकचून आवळते. लाकूड धुमसते, घाबरू नये. पाण्याच्या दोन बादल्या आधीच भरून ठेवाव्यात.

शाफ्टच्या कडा ग्राइंडरने तीन-चार मिलिमीटर गोल केल्या. हातोड्याच्या तोंडाच्या कडाही मारल्या, कारण दुकानातून आलेला हातोडा कोरीव कडेचा असतो आणि जरा तिरका बसला की कामावर चंद्रकोर उमटते. अशा चंद्रकोरी पुढच्या घावाने दुमडल्या की तिथे घडी राहते. वरून ती दिसत नाही. पाणी देताना तीच उघडते.

सांडशी

सांडशीशिवाय सांडशी बनवायची, तर तुकडा हाताने धरता येईल इतका लांब हवा. शिकणाऱ्याने घराच्या स्लॅबमधून उरलेली १२ मिलिमीटरची टीएमटी सळई घेतली. फुकट होती हा तिचा एकमेव गुण. टीएमटीची ताकद तिच्या बाहेरच्या कडक कवचात असते, कारखान्यात गरम सळईवर पाण्याचा मारा करून ते तयार करतात. भट्टीत ती लाल झाली की कवच गेले. उरते ते ०.३ टक्क्यांच्या आतल्या कार्बनचे साधे पोलाद, ज्यावरच्या धारी हाताला टोचतात आणि ठोकताना घड्या बनून आत दबतात.

तरीही सांडशी झाली. तिसऱ्या दिवशी काम करताना तिचे तोंड लाल झाले, म्हणून पाण्यात बुडवली, आणि पुढच्या पकडीला एक पाते रिव्हेटजवळच्या मानेत तुटले. तुटीच्या तोंडावर निम्मा भाग काळा होता, निम्मा चकचकीत. काळा भाग म्हणजे आधीच गेलेली चीर, तिच्यात भट्टीची खपली शिरलेली. मान ऐरणीच्या धारदार कडेवर काटकोनात तोडल्यासारखी बसवली होती, तिथे घडी पडली, आणि लाल मान पाण्यात घालून कडक केली. ऐरणीच्या कडा गोल करण्याचे काम त्यानंतर झाले, आधी व्हायला हवे होते.

दुसरी सांडशी १६ मिलिमीटरच्या साध्या एमएस गोल सळईची. ४५० मिलिमीटरचे दोन तुकडे. टोकाचे ४० मिलिमीटर पिवळे करून १० जाड आणि २० रुंद होईपर्यंत चपटे केले. हा जबडा. मग तुकडा चतकोर डावीकडे वळवून, जबडा ऐरणीच्या कडेबाहेर तिरपा काढून, त्यामागचा भाग १० मिलिमीटरपर्यंत दाबला. ही रिव्हेटची जागा. पुन्हा चतकोर डावीकडे, आणि मागची दांडी सुरू. दांडी १६ चीच ठेवली तर तासाभरात मनगट भरून येते, म्हणून ती ताणून टोकाकडे १० पर्यंत उतरवली.

इथे जवळपास प्रत्येक नवशिका फसतो. एक पाते झाले की दुसरे त्याचे आरशातले रूप करायचे असे वाटते, डाव्या-उजव्या चपलेसारखे. सांडशीची दोन्ही पाती तंतोतंत सारखी असतात. दोन्ही वेळा डावीकडेच वळायचे. या प्रकरणातही एक उलटे पाते झाले, ते आता कोळसा ओढायच्या आकड्याचे काम करते.

रिव्हेट ८ मिलिमीटरच्या सळईचा, भोक साडेआठचे. दोन पाती मिळून २० मिलिमीटर, प्रत्येक बाजूच्या डोक्याला व्यासाच्या दीडपट, म्हणजे १२. एकूण ४४. गरम करून दोन्हीकडून ठोकला की सांडशी गच्च बसते, हलतच नाही. तो दोष नाही. सांधा पुन्हा लाल करायचा आणि काळा पडेपर्यंत हाताने उघडझाप करत राहायचे. याच आचेत जबड्यात १२ ची सळई धरून वरून दोन हलके घाव घातले की जबडा त्या मापाला बसतो. पाण्यात मात्र घालायची नाही, मातीवर ठेवून द्यायची. कोब्यावर नको, लाल लोखंडाखाली सिमेंटचा पापुद्रा फटाक्यासारखा उडतो.

छिन्नी आणि पाणी देणे

छिन्नीसाठी टेम्पोच्या कमानीचा पाटा घेतला, ८ मिलिमीटर जाड. जुन्या पाट्यात मधल्या बोल्टच्या भोकाजवळ न दिसणाऱ्या चिरा असतात, तो भाग सोडला. बाकीच्यातून २० मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्या ग्राइंडरने कापल्या. हे पोलाद घराच्या सळईच्या दुप्पट कार्बनचे, त्यामुळे पिवळ्यावर ठोकायला सोपे आणि काळपट लालवर ठोकले तर चिरणारे.

पहिली छिन्नी पाण्यात विझवली. बादलीतून ‘टक्’ असा आवाज आला, बारीक, काच तडकल्यासारखा. वर काढल्यावर दिसायला काही नव्हते. कानशीने पुसली तेव्हा धारेपासून दीड बोट वर गेलेली केसाएवढी रेघ दिसली. पाट्याच्या पोलादाला तेल हवे, पाण्याचा झटका ते सोसत नाही.

दुसरी तेलात विझवायची म्हणून त्याने जुने इंजिन ऑइल प्लास्टिकच्या बादलीत काढले होते. हे वेळीच थांबले. लाल तुकडा अर्धवट बुडाला की तेलाचा पृष्ठभाग पेट घेतो, आणि प्लास्टिकची बादली वितळली तर जळते तेल पायावर. शिवाय वापरलेल्या तेलाचा धूर वाईट. लोखंडी डब्यात पाच लिटर शेंगदाणा तेल, पन्नास-साठ अंशांपर्यंत कोमट केलेले, शेजारी डब्यावर बसणारे पत्र्याचे झाकण. थंड तेल घट्ट असते, ते लोखंडाची धग हळू घेते. कोमट तेल पातळ होऊन लवकर घेते. नवख्याला हे उलटे वाटते.

तेलात विझवलेली दुसरी छिन्नी कडक झाली, कानस तिच्यावरून घसरत होती. चौथ्या घावाला धारेचा कोपरा उडाला. तुटीचे कण खडीसाखरेसारखे चमकत होते. ती उन्हात तापवलेली होती आणि गरजेपेक्षा बरीच जास्त तापली होती. जास्त आचेत पोलादाचे कण मोठे होतात आणि मोठ्या कणांचे पोलाद ठिसूळ. चांगले पाणी बसलेल्या तुटीचा रंग मंद राखाडी, मखमलीसारखा दिसतो.

तिसऱ्या वेळी पडवीच्या सावलीत, चुंबक घेऊन. पोलाद सुमारे ७७० अंशांना चुंबकाला चिकटायचे थांबते. त्या क्षणाचा रंग नजरेत धरायचा आणि त्याहून एक छटा उजळ झाले की बाहेर काढायचे. आधी तीन वेळा एवढेच तापवून हवेत निववले, म्हणजे मोठे झालेले कण पुन्हा बारीक होतात. चौथ्या वेळी धारेकडची ५० मिलिमीटर तेलात, सरळ खाली, आडवी हलवायची नाही. हाताला सोसेल इतकी गार होईपर्यंत तेलातच.

मग पाणी उतरवणे, म्हणजे पुन्हा थोडे तापवून ठिसूळपणा कमी करणे. धारेकडचा भाग पॉलिशपेपरने चकचकीत केला. लाल केलेल्या जाड लोखंडी तुकड्यावर छिन्नीचा मधला भाग टेकवला आणि धार हवेत ठेवली. चकचकीत पृष्ठभागावर आधी गवती पिवळा रंग येतो, तो धारेकडे सरकतो, मागून तपकिरी, मग जांभळा, मग निळा. जांभळा धारेला पोचला की पाण्यात. तो साधारण २८० अंश. खुरप्याला याच्या अलीकडचा तपकिरी चालेल, छिन्नीला घाव खायचे असतात म्हणून जांभळा. डोक्याकडची बाजू कधीच कडक करायची नाही. कडक डोक्याचा कपचा हातोड्याखाली गोळीसारखा उडतो. मऊ डोके ठोकून ठोकून फुलासारखे पसरते, ती किनार वेळोवेळी घासून टाकायची. चष्मा दोन्ही वेळी हवाच.

या छिन्नीने ६ मिलिमीटरची थंड सळई सहा घावांत तुटली. धार उडाली नाही, पण मध्यावर किंचित वळली. पाणी ठीक बसले होते, दोष धारेच्या कोनात. ती ४५ अंशांवर घासली होती. ६० अंशांवर पुन्हा घासली, घासताना दर दोन-तीन सेकंदांनी पाण्यात बुडवून, कारण ग्राइंडरखाली धार निळी झाली की उतरवलेले पाणी आणखी उतरते आणि सगळी मेहनत पुन्हा करावी लागते. त्यानंतर त्याच छिन्नीने अकरा तुकडे तोडले, बाराव्याला कानशीचे दोन हात मारावे लागले.